मझललोडरचा धक्का आणि खाली-डावीकडे जाणाऱ्या गोळ्या: माझा अनुभव

ओहायोत (अमेरिका) जानेवारीत हरणांच्या शिकारीचा मझललोडर सीझन असतो (मझललोडर म्हणजे नळीच्या तोंडातून पावडर आणि गोळी भरायची बंदूक), त्यासाठी .50 कॅलिबरची इनलाइन घेतली, म्हणजे जिच्यात ठिणगी मागून सरळ आत जाते ती. पावडरच्या 50 ग्रेनच्या (ग्रेन हे छोटं माप) तीन पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या वड्या, एकूण 150 ग्रेन आणि वर 300 ग्रेनची गोळी, बॉक्सवर मॅग्नम लिहिलेलं. खांदा निळा, स्कोप (नेमाची दुर्बीण) भुवईला लागलेला, आणि 100 यार्डांवर गोळ्या खाली-डावीकडे. स्कोप बदलला, धक्का कमी करायला दस्त्याला जाड रिकॉइल पॅड लावला, काही फरक नाही. वैताग आला राव.

आधी मित्राला सांगितलं की रेंजवर बंदूक तूच तयार करून दे, कधी प्रायमर (पावडर पेटवणारी छोटी टोपी) लावून कधी न लावता, मला सांगू नको. प्रायमर नसतानाही नळी खाली झुकली! म्हणजे स्कोप ठीक होता, मीच दचकत होतो.

मग पेलेट सोडून सुटी पावडर घेतली (काळी पावडर किंवा तिचा सबस्टिट्यूटच, स्मोकलेस चुकूनही नाही, नळी फुटते), गोळी 250 ग्रेनची सॅबोटवाली (गोळीभोवतीचं प्लास्टिकचं कवच). व्हॉल्यूमच्या मापाने 70 ग्रेन, सॅबोट पावडरला टेकेपर्यंत दाबायचा, मधे गॅप अजिबात नको, गोळी आत ढकलायच्या सळईवर खूण करून ठेवायची म्हणजे दरवेळी तेवढंच बसतं, प्रायमर सगळ्यात शेवटी. प्रत्येक शॉटनंतर नळीतून ओला पॅच (कापडाचा तुकडा) मग कोरडा. असं 10-10 ने वाढवत गेलो, मॅन्युअलच्या मर्यादेतच. 90 ला ग्रुप (गोळ्या किती जवळजवळ लागतात ते) सगळ्यात घट्ट आला आणि धक्का अगदी सोसण्यासारखा, 100 ला परत फाकला. मग 90 वरच स्कोप झीरो केला, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी जुळवली, शॉट 100 यार्डांच्या आतच घेतो, तेवढ्यात हरणाला हा लोड भरपूर होतो.