सिगारला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

"सिगार एकदम बेकार निघाली, कडवट होती, एकाच बाजूने जळत होती" असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, ठेवली कुठे होतीस? माझा अनुभव असा की सिगार फॅक्टरीत कमी बिघडते आणि आपल्या कपाटात जास्त. क्युबाची घ्या नाहीतर निकाराग्वाची, शेवटी ती तंबाखूची पानंच, आत फिलर, त्याला बांधणारा बाइंडर आणि वरून रॅपर, आणि पान हवेतली ओल घेतं तसं सोडतंही. साधारण ६५ ते ७० टक्के ह्युमिडिटीत ती खूश असते. आता पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की रॅपर बोटाखाली तडकतो आणि जुलैत मुंबईला किंवा कोकणात तीच सिगार उघडी राहिली तर फुगते, धूर ओढता ओढवत नाही आणि वर बुरशी येते. बुरशी फक्त रॅपरवर असेल तर पुसून टाकता येते, पण जिथे पेटवतो त्या टोकाला आत दिसली तर सरळ फेकून द्या.

फ्रीजमध्ये ठेवणं ही तर सगळ्यात कॉमन चूक. फ्रॉस्ट फ्री फ्रीज आतली हवा कोरडी करतो आणि वरून लसणाच्या चटणीचा वास सिगारला लागतो तो वेगळाच. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात ६५ किंवा ६९ चं ह्युमिडिटी पॅक (आतली ओल तेवढ्या टक्क्यांवर धरून ठेवणारी पुडी), बास, आपल्या हवेत हे महागड्या लाकडी ह्युमिडॉरपेक्षा, म्हणजे सिगार ठेवायच्या खास पेटीपेक्षा, भारी चालतं. लाकडीच हवा असेल तर नवा आणल्या आणल्या त्यात सिगार भरू नका, आतलं सीडरचं लाकूड कोरडं असतं आणि ते तुमच्या सिगारमधलीच ओल शोषतं, आधी ८४ टक्क्यांचे पॅक टाकून दोनेक आठवडे बंद ठेवा.

आणि हायग्रोमीटरवर, म्हणजे ह्युमिडिटी मोजणाऱ्या मीटरवर, आंधळा विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यात पाण्याचे थोडे थेंब टाका, मीठ विरघळायला नको, नुसतं ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, मग ते झाकण आणि हायग्रोमीटर एका झिपलॉक पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. आतली ह्युमिडिटी ७५ वर येऊन थांबते. तुमचा काटा ६९ दाखवत असेल तर तो ६ ने कमी दाखवतोय, तेवढं मनात धरून चाला. स्वस्तातले मीटर बऱ्याचदा असेच चुकलेले असतात आणि लोक वर्षभर चुकीच्या आकड्यावर सिगार ठेवून ब्रँडला शिव्या देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसली तर तो तंबाखूचा किडा. पंचवीसच्या वर तापमान गेलं की अंडी फुटतात, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात धोका कायमच. शंका असेल तर सगळा माल एकात एक अशा दोन पिशव्यांत बंद करून तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खालच्या फ्रीजमध्ये आणि मगच बाहेर, घाई केली तर रॅपर फाटतो.

ओढतानाच्या चुका. कापताना टोपीचा, म्हणजे तोंडाकडच्या टोकावर चिकटवलेल्या पानाचा, जेमतेम २ मिलिमीटर भाग काढा, टोपीच्या रेषेखाली गेलात की रॅपर सुटायला लागतो. पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती नकोच, पहिल्या झुरक्यालाच त्याचा वास येतो, ब्युटेनचा लायटर वापरा आणि ज्योत टेकवू नका, थोडी लांब धरून टोक फिरवत फिरवत शेकून घ्या, कडा सगळीकडून सारखी लाल झाली पाहिजे. एका बाजूने जळण्याचा निम्मा त्रास इथेच संपतो. राहिलेला निम्मा वाऱ्याचा, गच्चीत वारं असेल तर आडोशाला बसा. ड्रॉ जड लागत असेल, म्हणजे धूर ओढायला जोर लागत असेल, तर बहुतेक ती ओली आहे, अशा पेटीतली बाकीची एक-दोन दिवस उघड्या पेटीत कोरडी होऊ द्या (पावसाळ्यात नाही, अर्थातच).

नीट ठेवलेली सिगारही कडवट लागली तर कारण बहुतेक घाई असते. मिनिटाला एक झुरका पुरे. भराभर ओढली की आतली आग तापते आणि मग क्युबाच्या पार्टागास सेरी डी नंबर ४ सारखी छान मिरमिरीत सिगारसुद्धा जळक्या रबरासारखी लागते. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात खेळवायचा आणि थोडासा नाकातून सोडायचा, चव खरी तिथेच कळते. रिकाम्या पोटी ओढू नका. तोंडातूनही निकोटिन रक्तात जातंच, गरगरायला लागलं तर सिगार ठेवून द्या आणि काहीतरी गोड खा. आणि धूर आत घेत नाही म्हणून ही सेफ आहे असं समजणं ही मोठीच चूक, तोंडाच्या कॅन्सरचा धोका आहे, एका मोठ्या सिगारमध्ये सिगरेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. म्हणून मी रोज ओढत नाही, क्वचित पण निवडून ओढतो.

आता पारख. काळी म्हणजे कडक हा गैरसमज सोडा, माडुरो, म्हणजे गडद रंगाचा रॅपर जास्त आंबवलेला असतो आणि कित्येकदा गोडसर लागतो, कडकपणा येतो तो आतल्या लिहेरो पानांमुळे, झाडाच्या शेंड्याकडची, सगळ्यात जास्त ऊन खाल्लेली पानं. मिसळ खाऊन किंवा गोड चहा पिऊन मार्क देऊ नका, साधं पाणी बरं. पहिल्या तिसऱ्या हिश्शावर निकाल लावू नका, निकाराग्वातल्या एस्तेलीच्या कित्येक सिगारी सुरुवातीला नुसती मिरी असतात आणि मधे कुठेतरी कोको, कॉफी उघडते. शक्य असेल तर मित्राला बँड (ब्रँडचं नाव असलेली कागदी पट्टी) काढून द्यायला सांगा. नाव दिसत असलं की क्युबाच्या नावाजलेल्या कोहिबाला आपोआप दोन मार्क जास्त पडतात, मी हे कितीतरी जाणकारांच्या बाबतीत बघितलंय. एकाच सिगारवर ब्रँडचा निकाल नको, हाताने वळलेला माल आहे, त्याच पेटीतली दुसरी वेगळी निघू शकते.

कोहिबावरून आठवलं, काचेच्या झाकणाची पेटी कुणी "क्युबाहून आणलीय" म्हणून स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, तशा पेट्या नकलीच असतात, बीचवर विकणारा कितीही शपथा घेऊ दे.