वकिलाविरुद्ध तक्रार करताय? मुदतीच्या या चुका टाळा

म्हापसा, डिचोली किंवा फोंड्याच्या कोर्टात दावा चालू असतो, वकील तारखांना हजर राहत नाही, दावा काढून टाकला जातो आणि अशिलाला ते काही महिन्यांनी कळते. मग तो रागाने विचारतो, ‘वकिलावर तक्रार करायची मुदत किती?’ राग रास्त आहे, पण आधी स्वतःच्या दाव्याची मुदत बघा. सर्वात जास्त नुकसान इथेच होते.

गैरहजेरीमुळे काढून टाकलेला दावा पुन्हा सुरू करून घ्यायला ३० दिवस मिळतात. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत तुमच्याविरुद्ध दिलेला निकाल, रद्द करून घ्यायलाही ३० दिवसच. समन्स नीट बजावले नसेल तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजतात. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील ३० दिवसांत आणि पर्वरीच्या उच्च न्यायालयात ९० दिवसांत करावे लागते. वकिलाविरुद्ध तक्रार दिली म्हणून यातला एकही दिवस थांबत नाही. मुदत उलटली असेल तर विलंबमाफीचा अर्ज करता येतो, मात्र कळल्यानंतरही गप्प का बसलात याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल. म्हणून आधी दुसरा वकील नेमा.

जुना वकील फीसाठी फाईल अडवून धरत असेल तर घाबरू नका. थकलेल्या फीपोटी अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. लेखी मागणी करा आणि तिची पोच जपा.

आता तक्रारीकडे वळू. ती ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१च्या कलम ३५ खाली मुंबईतल्या महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेकडे, करायची असते. ती दाखल करायला कायद्यात ठरावीक मुदत नाही. कलम ३६बमधले एक वर्ष वाचून अनेकजण ‘आपली वेळ गेली’ असे समजतात. ते वर्ष तक्रारीचा निवाडा करणाऱ्या कौन्सिलच्या शिस्तपालन समितीसाठी आहे: तेवढ्यात प्रकरण संपले नाही तर ते देशपातळीवरच्या भारतीय बार कौन्सिलकडे जाते. तरीही रेंगाळू नका. पावत्या आणि मोबाईलवरचे निरोप हाताशी असतानाच तक्रार लिहा.

या तक्रारीतून वकिलाला ताकीद मिळू शकते, त्याची सनद निलंबित होऊ शकते किंवा नाव यादीतून काढले जाऊ शकते. तुमचे बुडालेले पैसे मात्र यातून परत मिळतील असे धरून चालू नका. त्यासाठी ग्राहक आयोगाकडेही जाऊ नका. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. उरतो दिवाणी दावा, आणि त्याला साधारण ३ वर्षांची मुदत आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतली २० वर्षांची मुदत अजून चालते, असे जुनी मंडळी सांगतात. त्यावर विसंबू नका. अशा पैशांच्या दाव्यांना भारतीय मुदत कायदाच लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्ये गोव्याच्याच खटल्यात ठरवले आहे.

तक्रार समितीने फेटाळली तर हुकूम कळवल्याच्या तारखेपासून ६० दिवसांत भारतीय बार कौन्सिलकडे अपील करता येते आणि तिथल्या हुकुमावर पुन्हा ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात. हुकूम टपालाने आला असेल तर शिक्क्यासकट पाकीट ठेवून द्या. दिवस कधीपासून मोजायचे याचा तोच पुरावा असतो.