खाडीकाठचा वजनकाटा : लोडसेल घेताना आणि सांभाळताना या चुका टाळा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करताना पावसाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : "सकाळी रिकाम्या काट्यावर झिरो पळतो, दुपारी आपोआप ठीक होतो." मग इंडिकेटर, म्हणजे आकडा दाखवणारा डबा, बदलतात, दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. अशा वेळी दोष बहुतेकदा इंडिकेटरमध्ये नसतो. काट्याच्या फळीखाली वजन टिपणारा जो लोडसेल असतो, त्याच्या पोटात ओल शिरलेली असते. दुपारी पत्र्याच्या शेडमधल्या उष्म्याने ती थोडी सुकते आणि काटा शहाण्यासारखा वागू लागतो.

लोडसेल म्हणजे नुसता धातूचा ठोकळा नव्हे. वजन पडलं की धातू किंचित वाकतो आणि त्यावर चिकटवलेली स्ट्रेन गेजची (ताण मोजणाऱ्या पट्टीची) जाळी सोबत ताणली जाते, तिचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून वजन कळतं. ही जाळी बहुधा कॉन्स्टंटनची, म्हणजे तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूची. तिच्याखाली पॉलिइमाइडसारखा पातळ पापुद्रा असतो आणि मध्ये भट्टीत पक्का केलेला गोंद. 350 ओहमच्या गेजचा रोध पूर्ण वजनाखाली साधारण 0.7 ओहमने बदलतो. 300 किलोच्या काट्यावर 100 ग्रॅम ओळखायचे, तर एका ओहमचा सुमारे चार हजारावा भाग टिपावा लागतो. एवढ्या बारीक कामात गोंदाला किंवा तारांच्या टाक्यांना (सोल्डरच्या जोडांना) जराशी ओल लागली तरी आकडा हलतो. म्हणून माझं म्हणणं असं, की आपल्या हवेत धातूइतकंच लक्ष सीलकडे, म्हणजे ओल आत शिरू न देणाऱ्या बंदिस्तीकडे द्या.

खरेदीतली नेहमीची चूक लोहचुंबकाची. गिऱ्हाईक चुंबक लावतं, तो चिकटला की म्हणतं, "हा एसएस (स्टेनलेस स्टील) नाही, परत घ्या." भांड्यांच्या 304 स्टीलला चुंबक जवळपास चिकटत नाही, हे खरं. पण 304 मऊ असतं, उष्णतेने कडक करता येत नाही, त्यामुळे वाकून पुन्हा तंतोतंत जागेवर येण्याचं काम त्याला जमत नाही. लोडसेलसाठी 17-4 पीएच हे स्टेनलेस वापरतात आणि त्याला चुंबक चिकटतोच. निकेलचा मुलामा दिलेल्या अलॉय स्टीललाही चिकटतो. म्हणजे चुंबकाने या दोघांतला फरक कळणार नाही. धातूचा ग्रेड कागदावर लिहून मागा.

आणि ग्रेड मिळाला तरी थांबू नका, सेल उलटा करून पाहा. बाहेरून चकचकीत स्टेनलेस आणि गेजच्या खळग्यात नुसतं सिलिकॉन ओतलेलं, असे सेल भरपूर विकले जातात. कोरड्या गोदामाला ते पुरतात. मासळी किंवा बर्फाच्या कामाला, रोज पाण्याचा पाइप मारायच्या जागेला झाकण वेल्ड करून बंद केलेलाच सेल हवा. खाऱ्या हवेत 17-4 पीएचलाही बारीक खड्डे पडतात, त्यामुळे धुऊन झाल्यावर गोड्या पाण्याने खळबळून घ्या.

अ‍ॅल्युमिनियमचा सेल छोट्या काट्यांना उत्तम. मात्र कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुलाई होते तिथे तो लावूच नका, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातो.

तपासणीत मल्टिमीटरवर विसंबणं ही दुसरी मोठी चूक. वायर आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर ‘ओपन’ दाखवतो, म्हणून सेल चांगला ठरवला जातो. साधा मीटर फार तर चाळीस-पन्नास मेगाओहमपर्यंतच पाहू शकतो. चांगल्या सेलचं इन्सुलेशन, म्हणजे तारा आणि बॉडी यांच्यातला रोध, मात्र हजारो मेगाओहममध्ये असतं, नव्याला 5000 च्या वर. ते 1000 च्या खाली आलं की ओलीचा संशय घ्या. हे मोजणारा इन्सुलेशन टेस्टर 50 व्होल्टच्या वर नेऊ नका. मोटर तपासायचा 500 व्होल्टचा टेस्टर (मेगर) लावून चांगले सेल मारलेले मी पाहिले आहेत आणि दर वेळी वाईट वाटतं.

तुर्भ्याच्या एका गोदामात ओल कुठून येते ते दोन दिवस सापडत नव्हतं. सेल स्वच्छ होता. शेवटी चार फुटांवर उंदराने कुरतडलेली केबल दिसली. तिथून पाणी तारांमधल्या फटीतून सरकत सेलपर्यंत पोचलं होतं. केबल लोखंडी पाइपातून न्या. चार तारांच्या सेलची केबल लांब वाटली तरी कापू नका, कंपनीने त्या लांबीसकट सेल जुळवलेला असतो. उरलेली गुंडाळून ठेवा.

ओला सेल हॅलोजन दिव्याखाली सुकवून वर बाजारातलं सिलिकॉन भरणं हा सर्रास चालणारा उपाय. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सुकताना अ‍ॅसेटिक आम्ल सोडतं आणि आतलं तांबं व टाके खातं. काही आठवडे काटा बरा चालतो, मग कायमचा जातो. सेल बदलणंच बरं.

धक्क्याने वाकलेल्या सेलचंही तसंच. वरून गोण आपटली आणि झिरो कायमचा सरकला, तर कॅलिब्रेशनने आकडा जुळेल, धातू सरळ होणार नाही. काट्यावर वेल्डिंग करायचं असेल तर सेल आधी काढा, नाहीतर करंट त्याच्यातून जाऊन गेज जाळतो.

आणि व्यापारी काट्याचा सेल बदलला, काट्यावरचं सरकारी सील तोडलं, तर वैध मापन शास्त्र विभागाकडून फेरपडताळणी आणि मुद्रांकन करून घेतल्याशिवाय त्यावर विक्रीचा माल तोलू नका. सेल मागवतानाच ती तारीख ठरवा, म्हणजे काटा दुरुस्त होऊनही शिक्क्यासाठी अडून राहणार नाही.