दोन साड्या, एकशे दहा तुकडे : घरी गोधडी शिवताना

एका माणसाला पांघरायला पुरेल अशी, साधारण ५ फूट बाय पावणेसात फुटांची गोधडी करायला दोन जुन्या सुती पाचवारी साड्या, ७ बाय ९ इंचांचे सुमारे ११० तुकडे आणि जाड सुती दोरा लागतो. रोज दोन तास बसलं तर महिना-सव्वा महिना धरावा. रंगीत तुकड्यांमुळे गोधडी डोळ्यांत भरते हे खरं, पण तिची ऊब आणि मऊपणा आतल्या जुन्या सुतात असतो. म्हणून आधी साड्या बघायच्या, तुकडे नंतर.

साडी उजेडासमोर धरा. विरलेली जागा लगेच दिसते. मग दोन्ही हातांत धरून जोरात ताणा. टर्रकन फाटली तर ती अस्तराला, म्हणजे सगळ्यांत खालच्या थराला नको, पण आतल्या थराला चालेल, कारण तिथे तिला दोन्ही बाजूंनी आधार मिळतो. नवंकोरं कापड आत घालू नये. ते धुतल्यावर आटतं, जुनं आटत नाही, आणि गोधडी कायमची चुरगळलेली दिसते. कापड सुती आहे का याची शंका असेल तर एक धागा चिमट्यात धरून पाण्याच्या ताटलीवर जाळून बघा. सुताला जळक्या कागदासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. जॉर्जेट आणि पॉलिस्टरची साडी सुंदर असली तरी आत सरकत राहते, घामही शोषत नाही. टी-शर्टचं होजिअरी कापड ताणतं, जीन्समधून सुई जात नाही आणि जरीचे काठ अंगाला टोचतात.

सगळं कापड आधी एकदा धुऊन खळ काढून टाका. गडद लाल, निळे आणि काळे तुकडे वेगळे भिजवा. ओले असतानाच पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा. डाग उतरला तर दोन-तीनदा धुवा, तरी उतरत राहिला तर तो तुकडा सोडून द्या. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सर्रास सांगितलं जातं, पण तयार रंगीत कापडाच्या बाबतीत त्यावर भरवसा ठेवू नये. एका लाल तुकड्याने अख्खी गोधडी गुलाबी होऊ शकते, आणि ते कळतं पहिल्या धुण्यात, सगळी शिवण झाल्यावर.

आता थरांचं माप. फॉल उसवून पाचवारी साडीतून ६६ इंचांच्या तीन पट्ट्या काढा. साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे २१६ इंच असते, त्यात तीन पट्ट्या आरामात बसतात. नऊवारी लुगडं असेल तर एकातून चार निघतात. दोन पट्ट्या लांब कडेने जोडल्या की ६६ बाय ८७ इंचांचा एक थर होतो. दोन साड्यांत असे तीन थर मिळतात: एक खालचं अस्तर, एक मधला आणि एक वरचा, ज्यावर तुकडे बसतील. बारीक काठाच्या साड्या निवडा. रुंद, जाड काठ जोडावर आला की तिथे जाड उंचवटा उभा राहतो आणि सुई अडते. अस्तर पूर्ण मापाचं ठेवा. मधला आणि वरचा थर ६२ बाय ८३ करा, म्हणजे अस्तर चारही बाजूंनी दोन-दोन इंच बाहेर राहील आणि त्याचीच पुढे किनार होईल. हे कापताना एक बारकावा सांभाळा: लांबीतले चार इंच एका थराचे वरच्या टोकाकडून कापा आणि दुसऱ्याचे खालच्या टोकाकडून. त्यामुळे तिन्ही थरांच्या जोडशिवणी एकाच रेषेत येत नाहीत, दोन-दोन इंचांनी सरकतात. हे केलं नाही तर गोधडीच्या बरोबर मध्यावर एक कडक दोरी झाल्यासारखी लागते, आणि झोपणाऱ्याला ती रोज बोचते.

तुकडे बसवताना

आपल्याकडच्या गोधडीत तुकडे एकमेकांना जोडून त्यांचं वेगळं कापड करायची गरज नसते. ते थेट वरच्या थरावर, कौलांसारखे एकमेकांवर चढवत बसवतात. म्हणून माप थोडं कमी-जास्त झालं तरी निभावतं, लहान-मोठे तुकडेही चालतात.

वरचा थर जमिनीवर पसरा. डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करा. पहिला तुकडा तसाच ठेवा. त्याच्या उजवीकडचा तुकडा घ्या, त्याची डावी कड अर्धा इंच आत मोडा आणि पहिल्याच्या उघड्या कडेवर अर्धा इंच चढवा. ओळ संपली की खालच्या ओळीतल्या प्रत्येक तुकड्याची वरची कड तशीच मोडून आधीच्या ओळीवर चढवायची. अशा रीतीने प्रत्येक तुकड्याची दिसणारी कड मोडलेली राहते आणि उघडी कड शेजाऱ्याखाली जाते. ७ बाय ९चा तुकडा प्रत्यक्षात ६ बाय ८ इंच जागा झाकतो, त्यावरूनच ११० हा आकडा येतो. मोड अर्ध्या इंचापेक्षा कमी ठेवली तर चार-सहा धुण्यांत कड सुटते, धागे लोंबू लागतात.

शिवण्याआधी सगळे तुकडे मांडून फोनवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून बघा. सारख्या गडदपणाचे तुकडे एकत्र आले असतील तर तिथे काळा ढीग दिसतो. ते विखरा. रंग कितीही भडक असले तरी गडद आणि फिका यांची आलटापालट असली की डोळ्याला शांत वाटतं. एखादा रंग, समजा खणाच्या कापडातला लाल किंवा हळदी पिवळा, तीन-चार तुकड्यांनंतर पुन्हा येत राहिला की विस्कळीत मांडणीलाही धरबंद येतो. मन भरलं की मोडलेल्या कडांच्या जवळून, फक्त या एका थराला धरून, कच्चे टाके घाला.

थर लावणं

फरशी पुसून पूर्ण वाळू द्या. गादीवर थर लावू नका, खाली खळगा पडतो. अस्तर उलटं पसरून कडांवर पाट किंवा धान्याचे डबे ठेवा. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणलेलं अस्तर डबे काढताच आखडतं आणि वरचं कापड फुगतं. त्यावर मधला थर, त्यावर तुकड्यांचा. प्रत्येक थर मध्यापासून कडांकडे तळव्याने दाबत न्या. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने दोन-दोन इंचांचे कच्चे टाके: आधी मध्यातून उभी-आडवी ओळ, अधिकच्या चिन्हासारखी, मग दोन्ही कर्ण, मग दर वीतभर अंतरावर ओळी. यात एक अख्खी दुपार जाते. ती वाचवायला गेलं की पुढे दहा दुपारी उसवण्यात जातात.

धावदोरा

सुई लांब, मोठ्या नेढ्याची घ्या. दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोकं राहतात. दोरा दीड हात लांब, मेणावरून ओढलेला. त्याहून लांब घेतला तर गुंता होतो आणि दोरा घासून पिंजतो. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही, पण विरलेलं सूत कापतो, म्हणून सुतीच बरा. ओळींत एक इंच अंतर धरलं तर एकेरी सुमारे अडीचशे मीटर दोरा लागतो, दुहेरी घेतला तर पाचशे. बाजारातून रंग एकदमच आणा, संपल्यावर तीच छटा मिळेल असं नाही.

गाठ मारून सुई दोन थरांच्या मधून घाला आणि हलकासा हिसका द्या. गाठ कापडात शिरून दिसेनाशी होते. टाका पाव इंचाचा. डावा हात गोधडीखाली ठेवा, सुईचं टोक तिथल्या बोटाला लागलं तरच टाका तिन्ही थरांतून गेला. सुईवर तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढा, आणि ओढून झाल्यावर ओळीवरून अंगठा फिरवा. कापडाला चुण्या दिसल्या तर दोरा घट्ट झालाय. घट्ट टाक्यांची गोधडी पुठ्ठ्यासारखी होते. मधल्या बोटात अंगुस्तान, म्हणजे सुई ढकलायची टोपी, हवंच.

आधी तुकड्यांच्या मोडलेल्या कडा, कडेपासून दोऱ्याएवढं अंतर ठेवून, मधल्या ओळीपासून बाहेर अशा शिवून घ्या. मग इंचभर अंतरावर उभ्या ओळी, त्याही मध्यापासून दोन्ही बाजूंना. जुन्या गोधड्या कडेपासून आत चौकोनी फेरे घेत शिवलेल्या दिसतात, आणि त्या फेऱ्यांचं रूप फार देखणं असतं. पण कडेकडून आत जाताना जास्तीचं कापड सरकत मध्यावर जमतं आणि तिथे फुगा उरतो. सराव असलेल्या बाईच्या हाताला तो आधीच जाणवतो आणि ती कापड हळूहळू जिरवत नेते. पहिल्या गोधडीला ही जोखीम घेऊ नये. फेरेच हवे असतील तर मध्यातल्या लहान चौकोनापासून बाहेर या. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात राहणाऱ्या, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायकांची गोधडी, म्हणजे कवंदी, कडेपासूनच सुरू होते, तुकडेही शिवता शिवताच बसवतात आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची फुलं लावतात. आपल्या गोधडीलाही अशी फुलं शोभतात.

मधेच फुगा आलाच तर पुढच्या ओळींनी दाबून टाकू नका, घडी पडून ती कायमची राहते. त्या भागातल्या दोन-तीन ओळी उसवा, कापड कडेकडे सरकवा, पुन्हा कच्चे टाके घाला.

शेवटी आतल्या थरांच्या वाकड्या झालेल्या कडा एका रेषेत कापा. अस्तराचे दोन इंच आधी इंचभर मोडा, मग पुन्हा मोडून वर आणा आणि हेमच्या बारीक टाक्याने बसवा. आधी लांब बाजू, नंतर आखूड, म्हणजे कोपरे चौकोनी बसतात. शिवताना कापड आवळतं, त्यामुळे मूळ मापातून दोन-तीन इंच कमी होतात.

कच्चे टाके काढा आणि पहिलं धुणं गार पाण्यात, एकटीचं. ओली गोधडी फार जड होते. एका दोरीवर टाकली तर टाके ताणतात, दोन दोऱ्यांवर झोळीसारखी पसरा आणि उलटी बाजू उन्हाकडे करा. पावसाळ्यात धुणं टाळा. वरून कोरडी वाटली तरी मधला थर दमट राहतो आणि महिनाभर कुबट वास जात नाही. बाळाच्या दुपट्याला हीच रीत, फक्त मधला थर गाळा, आणि जरी, टिकली, बटण यांतलं काहीही लावू नका.