घरच्या सर्व्हरवर शेवटी डेबियनच टाकलं

आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यात, लाइन कधी जाईल ते लाइनमनलाही सांगता येत नाही. म्हणून सर्व्हर जुन्या लॅपटॉपचाच केला. बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. सातबारे, पावत्या, लग्नाचे फोटो ठेवायचे, बाकी काही नाही.

अडलं डिस्ट्रोपाशी, म्हणजे लिनक्सचा कोणता प्रकार टाकायचा तिथे. फेडोराच्या आवृत्तीला जेमतेम तेरा महिने अपडेट मिळतात. आर्चमध्ये अपडेट येतच राहतात, अन् आमचं नेट मोबाइलच्या डेटावर. उबुंटू एलटीएसला (जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) पाच वर्षं मिळतात, पण ते स्नॅप प्रकरण, म्हणजे त्यांची सॉफ्टवेअर टाकायची वेगळी पद्धत, मला झेपत नाही. डेबियनची १३ वी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली: तीन वर्षं नेहमीचे अपडेट, पुढे दोन वर्षं एलटीएस. स्थिर आवृत्तीत मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्याच येतात, डेटा वाचतो. मशीन ६४ बिटचं आहे ना, ते आधी बघा. १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलरच नाही.

इन्स्टॉल करताना डेस्कटॉपची खूण काढली, एसएसएच सर्व्हरची (दुसऱ्या मशीनवरून यात लॉगिन करायला) ठेवली. झाकण लावलं की मशीन झोपायचं. लॉगिनडी, म्हणजे झाकण लावल्यावर काय करायचं ते ठरवणारा प्रोग्राम, त्याच्या सेटिंग फाइलमध्ये 'हँडल लिड स्विच'पुढे 'इग्नोर' लिहिलं, रीस्टार्ट केलं, मिटलं. मे महिन्यात मात्र झाकण उघडंच ठेवतो. पारा ४५ च्या वर गेला की लॅपटॉप तापतोच.