हवेवर पास झालेला ऑक्सिजन ॲनालायझर

साखर कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं की आम्हा इन्स्ट्रुमेंटवाल्यांची पळापळ सुरू होते. फ्ल्यू गॅसच्या (बॉयलरच्या धुराच्या) डक्टमधला झिर्कोनिया प्रोब, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारी दांडी, पावसाळाभर थंड पडलेला असतो. सप्लाय देऊन लगेच कॅलिब्रेशनला (माहीत टक्क्यांचा गॅस सोडून मीटर पडताळायला) बसू नका. प्रोबमधला सेल, म्हणजे प्रत्यक्ष मोजणारा भाग, ७०० अंशांच्या वर तापून स्थिरावावा लागतो. मी रात्री सप्लाय देतो आणि सकाळी प्लॅटफॉर्मवर चढतो.

चढण्याआधी ऑक्सिजन ट्रिमचा, म्हणजे या मीटरवरून बॉयलरची हवा कमी-जास्त करणारा लूप मॅन्युअलवर टाकायला सांगा, नाहीतर तुमच्या सिलेंडरच्या आकड्यामागे एफडी फॅन (बॉयलरला हवा देणारा पंखा) धावेल.

गॅस दोन लागतात. लो म्हणून नायट्रोजनमध्ये २ टक्के ऑक्सिजन, सर्टिफिकेटची मुदत बघून. हाय म्हणून ८ टक्क्यांचा सिलेंडर, नसेल तर इन्स्ट्रुमेंट एअर, २०.९५ टक्के. रेफरन्सलाही, म्हणजे सेलच्या दुसऱ्या बाजूला तुलनेसाठी, हीच कोरडी हवा. पावसाळी दमट हवेत बाष्पच इतकं असतं की ऑक्सिजन वीसच्या आसपास उतरतो. शुद्ध नायट्रोजनवर झीरो मारायला जाऊ नका. सेलचं गणित लॉगरिदमचं आहे, तिथे शून्याला उत्तरच नाही.

गॅसचा फ्लो उपकरणाच्या पुस्तिकेत दिलाय तेवढाच. कमी सोडला तर डक्टमधला धूर मिसळतो, जास्त सोडला तर सेल गार पडतो. आणि टक्क्यांबरोबर मिलिव्होल्टही वाचा. ७३६ अंशांवर चालणारा सेल हवेला शून्याच्या आसपास आणि २ टक्क्यांना ५१ च्या आसपास दाखवतो.

आता माझी चूक. एका हंगामाआधी सेल बदलला आणि नवं सील हाताशी नव्हतं म्हणून जुनंच दाबून बसवलं. लो गॅसचा सिलेंडर संपलेला, म्हणून फक्त हवेवर कॅलिब्रेशन केलं. पास! आठवड्याभराने बॉयलरवरचे तात्या म्हणाले, "सायेब, मीटर सा दावतंय, पर धूर काळा सुटलाय." मी बगॅस (जळणाचा उसाचा चोथा) ओला असेल म्हणून त्यांची बोळवण केली. सिलेंडर आल्यावर २ टक्क्यांचा गॅस सोडला तर मीटरवर साडेतीन! सीलमधून रेफरन्सची हवा सेलच्या धुराकडच्या बाजूला झिरपत होती. मीटर ऑक्सिजन जास्त सांगत होतं आणि ट्रिम बॉयलरची हवा कापत होतं. हवेवर तपासताना झिरपणारीही हवाच, मग चूक दिसणार कशी? शंका आली तर रेफरन्स एअर क्षणभर बंद करा. आकडा लगेच घसरला तर सील गळतंय.

बाकीची दुखणी ओळखायला सोपी. गॅस बंद केल्यावर मीटर धुराच्या आकड्यावर यायला फार वेळ घेत असेल तर फिल्टर राखेने चोंदलाय. नवीन फिल्टरला किती सेकंद लागले ते वहीत लिहून ठेवलं असेल तरच हे कळतं. सेलचा रेझिस्टन्स हंगामागणिक वाढत चालला तर नवा सेल मागवून ठेवा.

पोर्टेबल मीटरशी आकडा जुळत नाही म्हणून ॲडजस्टमेंट मात्र करू नका. ते धूर वाळवून मोजतं, आपला प्रोब वाफेसकट. धुरात २० टक्के वाफ धरली तर प्रोबवरचे ४ म्हणजे पोर्टेबलवरचे ५, आणि दोन्ही बरोबर.

खाली उतरण्याआधी कॅलिब्रेशन पोर्टचं बूच घट्ट लावा. डक्टमध्ये ओढ असते, उघड्या पोर्टातून बाहेरची हवा थेट सेलवर जाते. आकडा स्थिर दिसला की मगच ट्रिम ऑटोवर द्यायला सांगा.