पुढचा ब्रेक दाबला की लिव्हर हँडलपर्यंत? रात्रभर बांधून ठेवा

भाच्याच्या छोट्या डर्ट बाइकचा पुढचा डिस्क ब्रेक इंदूरजवळच्या जानापाव टेकडीच्या उतारावर दर वेळी ढिला पडायचा. दोन-तीनदा पंप केल्यावर कुठे पकडायचा. म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीत हवा. इंदूरला परतल्यावर गॅरेज गाठण्याआधी हे करून पाहिलं:

१. बाइक स्टँडवर लावून हँडल असं वळवा की ऑइलची डबी सगळ्यात उंच राहील. झाकण बंदच ठेवा, नाहीतर ऑइलची पिचकारी उडते.

२. खालून वर नळीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलक्या टिचक्या मारा. कॅलिपरवरही (चाकाच्या डिस्कला पकडणारा भाग).

३. लिव्हर घट्ट दाबून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने ग्रिपला बांधा. आमची पट्टी पहिल्या रात्री सुटली. दुहेरी गाठ मारा.

४. सकाळी सोडून दहा-बारा वेळा हळू पंप करा. बारीक बुडबुडे वर निघून गेलेले असतात.

ऑइल कमी दिसलं तर आधी पॅड आणि गळती बघा. भरायचं तेच, जे झाकणावर लिहिलंय; बहुधा डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार). रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलतो.

एवढं करूनही लिव्हर मऊच राहिला तर गॅरेजमध्ये ब्लीडिंग (नळीतली हवा काढणं) करून घ्या, तोवर गाडी काढू नका.